लोंबली की लवली

कमानीवरची ती कळी काल सरळ होती. आज ती कलली होती. फार नाही, बसल्या बसल्या डुलकी लागताना माणसाची मान कलते ना, तेवढीच. पण शाळेच्या फाटकात मान वर करून उभ्या असलेल्या पेंटरला तेवढ्यानंच घाम फुटला.

"काय म्हणतायत कळ्या?" शिपायानं फाटकाची कडी काढत विचारलं.

"उभ्या आहेत," पेंटर म्हणाला आणि चटकन खाली बघू लागला.

आता एका कळीनं मान टाकली म्हणून सत्तरीच्या माणसाला घाम का फुटावा? ते कळायचं तर मागे जायला हवं, थेट एका ताटलीपर्यंत.

पेंटरचा बाप बंदरात जहाजांवरच्या पेट्या उतरवायचा. एकदा चिनी मातीच्या भांड्यांची एक पेटी फुटली आणि त्यातली कडेला टवका उडालेली ताटली त्याला मिळाली. पांढऱ्याशुभ्र ताटलीवर पीळ घातलेली एक वेल आणि तिला जांभळ्या फुलांचे लांब लांब घोस. बापानं तिथल्या कारकुनाला फुलाचं नाव विचारलं. कारकून म्हणाला, विस्टेरिया. ते नाव बंदरापासून घरापर्यंत येता येता झालं 'विस्तारी'. "विस्तारते म्हणून विस्तारी," बापानं असं काही ठासून सांगितलं, की त्या फुलाचं दुसरं काही नाव असेल अशी शंकाही घरात कुणाला आली नाही.

आई कामाला जायची, म्हणून धाकट्याला भरवायचं काम थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे. आक्का ताटली मधे ठेवून एका बाजूला बसायची आणि पेंटर, जो तेव्हा नुसता छोट्या होता, तिच्यासमोर. घास संपत आले की भाताखालून फुलं उगवायची. "बघ, कशी ताठ उभी आहेत!" आक्का म्हणायची. छोट्या वाकून बघायचा. त्याच्या बाजूनं तर ती खाली लोंबत होती. पण आक्का म्हणाली उभी, म्हणजे उभी. उद्या सूर्य उगवणार हेसुद्धा त्याला आक्कानंच सांगितलं होतं आणि तो रोज उगवत होता. ताटली गोल. गोल वस्तूला वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, हे ती वस्तू थोडीच सांगते?

आक्का पुढे मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली, 'मोठ्या बाई'. शाळेत विस्तारी आली ती तिच्याबरोबर. मुलींच्या बिल्ल्यावर विस्तारी, शिवणाच्या तासाला रुमालावर विस्तारी आणि सकाळच्या प्रार्थनेत मोठ्या बाईंनी स्वतः रचलेली ओळ, 'विस्तारीच्या फुला, आम्हां शिकव ताठ मान'. फुलं सगळीकडे वर तोंड करून, समईच्या ज्योतींसारखी. मुलगी जरा पोक काढून बसली की बाई नुसतं म्हणायच्या, "विस्तारी!" की वर्गभर पाठी सरळ. या शाळेतली एक मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली. समोरचे साहेब म्हणाले, "काठी गिळल्यासारख्या काय बसलात?" ती म्हणाली, "गिळलीय. मोठ्या बाईंनी गिळवलीय." नोकरी तिला मिळाली. दुसरी एक मुलगी लग्नाच्या बोलणीतून उठून सरळ घरी चालत आली, कारण मुलाच्या मामानं तिला खाली बघून बोलायला सांगितलं होतं.

आणि छोट्याचा झाला पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. अक्षर शिकवलं तेही आक्कानंच. "हे अक्षर झोपलंय, उठव त्याला," म्हणायची. त्यामुळे त्याची अक्षरं अशी खणखणीत उभी असत, की वाचणाऱ्याचं मजकुराकडे लक्षच जाऊ नये. एका शिंप्याच्या पाटीवर त्यानं 'येथे कपडे अंगावर शिवून मिळतील' असं रंगवलं होतं आणि अक्षरांच्या कौतुकात शिंप्याला ते कित्येक महिने कळलं नाही. गिऱ्हाईक का बिचकतंय, याचंच तो नवल करत बसला.

पुढे छापील फ्लेक्स आले आणि पेंटरच्या पाट्या एकेक करून उतरल्या. त्याच्या हाताचं म्हणून गावात एकच काम शिल्लक राहिलं, शाळेच्या सभागृहाची मागची भिंत. या टोकापासून त्या टोकापर्यंत विस्तारी. तरणा होता तेव्हा काढलेली, आक्का खाली उभी राहून "आणखी ताठ, आणखी ताठ" म्हणत असताना. दर सुट्टीत तो जायचा आणि जिथे रंग उडाला असेल तिथे हात फिरवून यायचा.

तो तसाच शिडीवर होता, जेव्हा हे सगळं सुरू झालं.

चित्रकलेच्या नव्या बाई मोठाली पुस्तकं घेऊन सभागृहात आल्या. आक्का निवृत्त झाली होती, पण शाळेत यायची चुकत नव्हती. तिची पाठ आता पार वाकली होती. मान वर होत नसे. समोर दिसायचे ते लोकांचे पाय, आणि ती माणसं चपलांवरून ओळखायची. "तुमची टाच बाहेरून झिजतेय, चाल सुधारा," ही तिची नमस्काराची पद्धत.

"बाई, जरा बोलायचं होतं," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक आक्काच्या मांडीवर उघडलं. पुलावर उभी असलेली बाई, तिच्या डोक्यावर विस्टेरिया. नावेत बसलेले दोघं, त्यांच्यावर विस्टेरिया. लाकडी पडद्यावर, रेशमी कपड्यावर, पंख्यावर. सगळीकडे घोस खाली.

"हे फूल मूळचं जिथलं, तिकडे ते दाराशी लावतात," चित्रकलेच्या बाई हळूच म्हणाल्या. "पाहुणा आला की मान लववणारं म्हणून. त्यांच्या कवितांमध्ये तर ते वाट बघणाऱ्या माणसासारखं असतं. आणि कुठे कुठे, धरलेला हात न सोडणारं. पण ताठ कुठेच नाही, बाई."

शिडीवर पेंटरचा ब्रश थांबला.

आक्का शांतपणे पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "एकानं उलटं काढलं, बाकीच्यांनी त्याची कॉपी केली. वर्गात वेगळं काय होतं?"

"फोटोही आहेत ना पण."

"फोटो चित्रकारांच्याच भावानं काढले असतील." कुणाला हसावं की नाही कळेना. मग आक्कानं पुस्तक मिटलं. "हे बघा, फाटकावरची आपली वेल यंदा पहिल्यांदा फुलणार आहे. शिपाई म्हणतो, कळ्या धरल्यात. भांडायचं कशाला? माजी मुलींच्या मेळाव्यापर्यंत फुलेल. ती खाली लोंबली, तर ही भिंत मी माझ्या हातानं पांढरी करीन आणि सगळ्या मुलींची माफी मागीन."

ती वेल एका जुन्या विद्यार्थिनीनं परदेशातून आणलेल्या मखमली शेंगेतल्या बीची. वर्षानुवर्षं नुसता पाला, आणि दर वर्षी चेष्टा. ती यंदाच फुलायची होती!

आक्का बोलून गेली म्हणजे झालं असं कुणी समजू नये. "उशिरा येणारानं वर्गाबाहेर उभं राहायचं" हा तिचा नियम. एकदा वाटेत सायकल पंक्चर झाली, तर मुख्याध्यापिका असताना ही स्वतःच्याच वर्गाबाहेर तास संपेपर्यंत उभी राहिली होती. आत मुली रडत होत्या.

तेव्हापासून पेंटर रोज सकाळी कमानीखाली. पहिले काही दिवस मोठे सुखाचे गेले. पानं फुटायच्या आधीच कळ्या आल्या, राखाडी, लवदार, बोटाएवढ्या, आणि काय सांगावं, सगळ्या आभाळाकडे तोंड करून! पेंटर धावत आक्काच्या घरी. "उभ्या आहेत!" आक्कानं नुसतं "हं" केलं. पण त्या दिवशी तिनं त्याच्या चपलांना नावं ठेवली नाहीत.

आणि मग आज ती एक कलली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची. कळ्या लांबत होत्या, जांभळ्या होत होत्या, भरत होत्या आणि जड होऊन खाली येत होत्या.

पेंटर रोज आक्काकडे जात होता. आक्का रोज विचारत होती. आणि तो रोज सांगत होता, "उभ्या आहेत."

"माझं जांभळ्या दोऱ्याचं रीळ कुठे गेलं?" मेळाव्याच्या आदल्या दिवशी पेंटरच्या बायकोनं शिवणाचा डबा उपसत विचारलं. पेंटरनं खिशावर हात ठेवला. तिनं त्याच्या खिशाकडे बघितलं. खिसा फुगला होता. "अगं बाई! फुलांना बांधायला निघालात? या वयात?"

"हळू बोल."

"सांगून टाका ना वन्संना सरळ."

"सांगितलं की ती भिंत पांढरी करणार."

"भिंतीसाठी चाललंय होय सगळं?"

पेंटरनं खिशातलं रीळ आणखी आत ढकललं. मग म्हणाला, "ती माफी मागणार, सगळ्यांसमोर. तिच्यात आता आणखी वाकायला जागा आहे का, तूच सांग."

बायकोनं डबा बंद केला. "तो दोरा कच्चा आहे," म्हणाली. "दुहेरी करून घ्या."

मेळाव्याच्या दिवशी सकाळीच त्यानं कमानीला शिडी लावली. खाली शिपाई शिडी धरून. पेंटर एकेक घोस उचलायचा, वर वळवायचा आणि कमानीच्या सळईला बांधायचा. घोस मऊ, थंड आणि जडच्या जड. शाळेला निघालेल्या लेकराचे केस चापूनचोपून बसवावेत आणि एक बट तरी उभी राहावीच, तसं ते दिसत होतं. इथे उलट. सगळ्या बटा उभ्या आणि त्यांना बसायचं होतं.

"पेंटर, हे काही खरं नाही," शिपाई म्हणाला.

"तू शिडी धर."

मुली जमल्या. मुली म्हणायचं, कुणाकुणाला नातवंडं होती. फाटकात येऊन सगळ्या वर बघत आणि "अगंबाई, उभी आहेत गं!" म्हणून टाळ्या पिटत. चित्रकलेच्या बाईही आल्या. त्यांनी वर बघितलं. त्यांची नजर एका दोऱ्यावरून दुसऱ्या दोऱ्यावर गेली आणि मग पेंटरवर येऊन थांबली. त्या बोलल्या नाहीत. पेंटरला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं. वर कुठेतरी एक दोरा करकरला.

तेवढ्यात आक्का आली. काठी टेकत, जमिनीकडे बघत. कमानीखाली येऊन ती थांबली आणि सगळा गलका थांबला.

"वास येतोय," ती म्हणाली. "फुललीय."

तिनं मान वर करायचा प्रयत्न केला. होईना. मग काठी डाव्या हातात घेऊन तिनं उजवा हात वर नेला. जेमतेम डोक्याएवढा गेला तो. बोटं हवेत चाचपडली. तिथे काहीच नव्हतं. सगळं पार वर बांधलेलं.

"छोट्या!" समोरच्या रंगाचे डाग पडलेल्या चपलांकडे बघत ती म्हणाली. "मला दिसत नाहीत रे. उभी आहेत ना?"

दोनच शब्द. रोज म्हणत होता तेच. शिपाई दुसरीकडे बघत होता. पेंटरनं तोंड उघडलं आणि आक्काची ती बोटं बघितली. अजून हवेतच होती. घास घेऊन समोर यायची तीच बोटं.

"थांब," तो म्हणाला. "दाखवतो."

शिडी तिथेच होती. तो वर चढला, खिशातून कात्री काढली आणि पहिला दोरा कापला. घोस सुटला, झुलला आणि आक्काच्या नाकासमोर येऊन थांबला. फाटकात कुणी हललं नाही. कात्री चालत राहिली. दुसरा, तिसरा, सगळे. शेवटचा दोरा कापून तो तिथेच, वरच, पाठमोरा उभा राहिला. खाली उतरायचा धीर होईना.

आक्का बघत होती. कधी नव्हे ते तिला पायांखेरीज दुसरं काही दिसत होतं. तिनं तो घोस तळहातावर घेतला, देठापासून टोकापर्यंत बोट फिरवलं.

"बाई," चित्रकलेच्या बाई पुढे होऊन म्हणाल्या, "भिंतीचं राहू द्या. ते आपलं बोलण्यातलं होतं."

"मी बोलण्यातलं बोलत नाही," आक्का म्हणाली. "मी काय म्हणाले होते? लोंबली तर. भाषा शिकवलीय मी आयुष्यभर. लोंबतो तो दोरीवरचा ओला टॉवेल. ही लोंबली नाहीत. लवलीत. इतक्या वर्षांनी माणूस भेटायला आलं तर लवून नमस्कार नको करायला? ताठ मानेच्या माणसालाच तो शोभतो." आणि मग जरा थांबून, "भिंत राहील. पण मुलींनो, प्रार्थनेत एक ओळ कमी होती. ती माझी चूक. माफ करा."

आधी मागच्या मुलींपैकी कुणीतरी हसलं, मग कुणीतरी रडलं, आणि मग गलका असा झाला, की शिडीवरून उतरलेल्या पेंटरकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. एक आक्का सोडून. ती त्याच्या चपलांपाशी आली.

"तुझ्या बाजूनं पहिल्यापासून अशीच दिसायची ना रे?"

"हो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस, गाढवा?"

"कसा बोलणार?" पेंटर म्हणाला. "तोंडात घास होता."