डॅशबोर्डावर राहिलेले नऊ किलोमीटर

वडिलांच्या जुन्या गाडीच्या अंतरमापकात आकड्यांची पाचच चक्रे आहेत. त्यामुळे नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर त्याला लाख दाखवता येत नाही. पाचही आकडे एकदम पालटतात आणि गाडी पुन्हा शून्यावर येते. हा क्षण आईला शेजारी बसवून दाखवायचा, असे वडिलांनी तिला कबूल केले होते. मापकावर ९९९९१ हा आकडा असताना, पंचवटीतल्या आमच्या घराच्या फाटकाशीच, मापकाला फिरवणारी केबल तुटली. न मोजलेला एकही किलोमीटर वडिलांना मान्य नव्हता. म्हणून केबल बदलेपर्यंत गाडी उभी ठेवायची ठरली. पण ती बदलण्याआधीच त्यांची दृष्टी अधू झाली, आणि पुढे तेही राहिले नाहीत. आई मात्र ते अंतर विसरली नाही. घरी आलेल्या पाहुण्यांना ती "नऊ राहिलेत" असे सांगत असे, जणू घरात कार्य निघाले आहे.

यंदा मी शाळेतून निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तिने प्रथम माझ्याकडे नीट पाहिले.

"मला दिसतंय आता. तुलाही शाळा नाही. मग अडलंय कुठे?"

कुठेच अडले नव्हते. गॅरेजवाल्याने इंजिन चालते करून दिले. डॅशबोर्डाला मात्र तो हात लावेना. पस्तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाने एवढ्यावर मागे हटणे योग्य नव्हते. मी दोनशे पानी वही घेतली, पहिल्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे रकाने आखले, आणि वेगमापक व अंतरमापक ज्यात एकत्र असतात ती गोल डबी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली.

जुने यंत्र उघडताना दोन नियम पाळावेत. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचा फोटो घ्यावा, आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने ठेवावेत. दुसऱ्या नियमासाठी मी आप्पेपात्र वापरले. सात खळगे, सात टप्पे; याहून सोयीचे साधन मला आजवर आढळलेले नाही.

"रविवारी आप्पे करायचे होते," पत्नी म्हणाली.

"रविवारपर्यंत रिकामं होईल."

"अहो, मागच्या रविवारीही हेच म्हणालात."

केबलसाठी मी जवळच्याच गल्लीतल्या, रिक्षांचे मीटर दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. जुनी केबल त्यांनी मांजराच्या पिलासारखी मानेला धरून उचलली, मापली आणि तासाभरात नवी करून दिली. निघताना बजावले, "मास्तर, ग्रीस बोटभरच लावा. लाडवात तूप ओततो तसं नको. मागच्यानं तसंच केलंय, म्हणून आत सगळा डिंक झालाय."

तो डिंक मी सलग तीन दुपारी कापसाच्या बोळ्यांनी पुसला. खालची यंत्ररचना उघडी पडली तेव्हा मला खुर्चीत बसवेना. केबल एका चुंबकाला फिरवते. त्या चुंबकावर अॅल्युमिनियमची छोटी वाटी असते आणि वाटीला काटा जोडलेला असतो. चुंबक वाटीला कुठेही शिवत नाही. तरीही तो फिरू लागला की वाटी त्याच्या ओढीने वळते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला वेगाच्या प्रमाणातच वळू देते. हे मी फळ्यावर असंख्य वेळा काढले होते. प्रत्यक्षात कधीच पाहिले नव्हते.

चाचणीसाठी केबलचे दुसरे टोक ड्रिल मशीनमध्ये बसवले. बटण दाबताच काटा शून्यावरून उठला, थरथरला आणि साठावर जाऊन स्थिर झाला. आमचे जेवणाचे टेबल ताशी साठ किलोमीटर वेगाने निघाले होते. पत्नीने पोह्यांची बशी हातात घट्ट धरली आणि म्हणाली, "सावकाश हो, पुढे फ्रीज आहे." त्यानंतर आम्ही दोघे इतके हसलो की ड्रिल माझ्या हातात डगमगले आणि काटा ऐंशीवर गेला.

एवढ्यावर थांबायला हवे होते. परंतु एका वाचनावर विश्वास ठेवू नये, तीन घ्यावीत आणि सरासरी काढावी, असे मी आयुष्यभर सांगत आलो. म्हणून साठाच्या वेगाने पाच मिनिटे, असे वाचन तीनदा घ्यायचे ठरवले. पत्नी फोनवर वेळ मोजत होती, मी काट्यावर नजर रोखून होतो. दुसरे वाचन संपले तेव्हा मी वहीत आकडा लिहायला वाकलो आणि काट्याखालच्या खिडकीत पाहिले.

००००१.

पाच मिनिटांत पाच किलोमीटर, दोन वाचनांत दहा. हा गुणाकार पाचवीतल्या मुलालाही जमला असता. आईचे नऊच्या नऊ किलोमीटर मी जेवणाच्या टेबलावर संपवले होते, आणि ती आतल्या खोलीत शांतपणे झोपली होती.

"ड्रिल उलटं फिरतं ना?" पत्नीने हळूच विचारले.

फिरते. आणि केबल उलटी फिरली की आकडेही उलटे मोजले जातात.

"पण मीटर मागे घेणं ही फसवणूक आहे," मी म्हणालो.

"फसवणारे धावलेलं पुसतात. तुमचं टेबल कुठे गेलं होतं?"

हा युक्तिवाद निर्दोष होता. मी ड्रिलची दिशा बदलली. ००००१ चे ००००० झाले. मग पाचही शून्ये एकत्र थरथरली, डुलली आणि पाच नऊ होऊन उभी राहिली. बरोबर ९९९९१ वर मी बटण सोडले आणि वहीत सगळे प्रामाणिकपणे लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी डॅशबोर्डात बसवली आणि आम्ही सायखेड्याच्या रस्त्याला लागलो. पत्नी चालवत होती, आई पुढच्या सीटवर चष्मा पुसत बसली होती, मी मागे वही घेऊन. नांदूर नाका मागे पडला. ९९९९७ झाले तेव्हा मला राहवेना आणि मी कालचा सगळा प्रकार आईला सांगून टाकला.

द्राक्षाचे दोन मळे मागे गेले.

"म्हणजे तू बघितलंस."

"उलटं बघितलं."

"उलटं का होईना, माझ्याआधी बघितलंस." तिने सुनेकडे वळून सांगितले, "शेवटाला आलं की बाजूला घे. भुर्रकन गेलं तर मला काय दिसणार? हा उतरून ढकलेल."

शेवटच्या चक्रावरचा नऊ वर सरकू लागला, तेव्हा पत्नीने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. पत्नीला रस्त्यावर लक्ष ठेवणे भाग होते आणि मला डिकीवर. रस्ता सपाट होता, पण गाडी हलकी नव्हती. दहा पावलांत मला घाम फुटला. इतक्यात मोटारसायकलवरून जाणारा एक शेतकरी थांबला.

"काय काका, पेट्रोल संपलं काय?"

"पेट्रोल आहे."

"मंग इंजिन गेलं?"

"इंजिन उत्तम आहे."

त्याने जरा विचार केला. "मंग ढकलून काय राह्यले?"

मी धापा टाकत त्याला पाच चक्रांची गोष्ट सांगितली. त्याने मोटारसायकल स्टँडवर लावली, खिडकीतून आत डोकावून "आजी, नीट बघा बरं का, मी लय हळू ढकलतो" असे सांगितले, आणि माझ्या शेजारी येऊन डिकीला खांदा लावला.

गाडी मुंगीच्या चालीने निघाली. मागच्या काचेतून मला आईचे फक्त डोके दिसत होते, डॅशबोर्डाकडे झुकलेले, पांढरे, अगदी स्थिर. मग ते डोके हलू लागले. ती हसत होती.

"झालं काय आजी?" शेतकऱ्याने ओरडून विचारले.

"अजून नाही," आतून आवाज आला. "अर्ध्यात आहेत सगळे. ढकला."

आम्ही ढकलले. आतून टाळ्या ऐकू आल्या आणि मी रस्त्यातच बसकण मारली.

वहीच्या त्या पानावर निरीक्षणाच्या रकान्यात माझे अक्षर नाही. आईने स्वतः लिहिले आहे: पाचही एकदम. हे चालवत असते तर त्यांनी गाडी थांबवलीच नसती; भुर्रकन गेलं असतं.