लालाचं पांढरं

भाताच्या मुलुखात एखाद्या बाईला पांढरं खायची बंदी केली तर तिने खायचं काय? माझ्यावर ही बंदी सासूने घातली, आणि तीही रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या दिवसांत. तेव्हा सकाळी पेज, दुपारी बांधावर भात आणि रात्री उरलेला भात, यापलीकडे आमच्या घरात काही शिजतच नसे.

कारण सांगताना मला अजूनही आवाज लहान करावा लागतो, म्हणून लिहिते आहे. माझ्या अंगावरून पांढरं जात होतं. फुटलेल्या दह्यासारखं, आणि त्यावर अशी खाज की चिखलात वाकून रोप लावता लावता मी मधेच मटकन पाण्यात बसायची. गार पाण्याने जरा बरं वाटे.

"नव्या नवरीले चिखलाची आंघोळ लय आवडून राह्यली," रांगेतली एक म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि बसूनच राहिले.

त्याच सुमारास माझं महिन्याचं बाहेर बसणंही थांबलं होतं. सासूने दोन्ही गोष्टी जोडल्या. लाल थांबलं, पांढरं सुरू झालं, म्हणजे लालाचंच पांढरं झालं. कुडाच्या पलीकडे ती सासऱ्यांना सांगत होती, "रक्त फाटलं तिचं. दूध फाटते तसं. आतून वितळून राह्यली पोरगी. अशीच्या पोटी लेकरू ठरत नाई."

तिनेच पुढे ठरवून टाकलं. "पोळ्यापर्यंत पाह्यतो. नाई तर मूलले तिच्या बापाकडे पोचवून देतो. माया भावाची पोरगी आहेच."

मूल हे माझं माहेर. चार दिवसांसाठी जायचं म्हटलं तर नाचत गेले असते. हे पोचवणं मात्र कायमचं होतं.

कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं माझी लेक आता विचारते. पोटाशी राहिलेली बाई ओकते, या एकाच खुणेवर आमच्या घरचा विश्वास होता, आणि मला एक ओकारी आली नाही. तिथेही मी कमी पडले.

मग पथ्य सुरू झालं. भात बंद, पेज बंद, दूध-दही बंद, मुळा बंद, लसूणसुद्धा बंद. लाखोळीचं वरण, मोहाची भाकर आणि अंबाडीची भाजी एवढं माझ्या वाट्याला. एकदा धीर करून मी विचारलं, "बाई, मीठ पांढरंच नं?"

सासूने हातातलं काम थांबवून खरोखर विचार केला. "ते समुद्राचं आहे. घरचं नाई," ती म्हणाली. मीठ वाचलं. त्या काळात मी जिंकलेली ही एकच लढाई.

वर रोज तुरटीच्या पाण्याने धुणं. आग अशी व्हायची की मी दातात पदर धरायची. आत घ्यायच्या कापडाच्या घड्या धुऊन पुरुषांच्या नजरेआड, धानाच्या ढोलीमागच्या अंधारात वाळत घालायच्या. त्या सादळलेल्या कोपऱ्यात काही वाळत नसे. मग ओलसरच घडी पुन्हा घ्यायची. दिवसभर चिखलात ओलं लुगडं, घरी ओली घडी. खाज वाढतच गेली आणि मी वाळतच गेले. माझ्या हाताच्या बांगड्या कोपराशी खेळायला लागल्या तशी सासू पोळ्याचं नाव जास्त वेळा काढू लागली.

माझा नवरा अंधारात आढ्याकडे बघून विचारायचा, "कसं वाटते?" मीही आढ्यालाच सांगायची, "बरं." त्या आढ्याला आमच्या संसाराची सगळी माहिती होती. पण एके दिवशी जेवताना तो आईला म्हणाला, "चांद्याले डाक्टरीनबाई आहे म्हणते. एकदा दाखव."

"दाखवतो," सासू म्हणाली. "तिनं नाई म्हटलं का मंग मले कोनी बोल लावू नाई."

निघायच्या दिवशी तिने माझं गाठोडं बांधलं. त्यात माझी सगळी लुगडी घातली, लग्नाचंसुद्धा. दवाखान्यात लग्नाचं लुगडं कशाला लागतं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. वडशाला गाडीत बसलो. वाटेत मूल स्टेशन आलं तेव्हा सासूने एकदा गाठोड्याकडे आणि एकदा फलाटाकडे पाहिलं. परतीच्या वाटेवरही हे स्टेशन लागणार होतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई कडक इस्त्रीच्या पातळातल्या, बोलणं पुस्तकातलं. त्यांनी पडद्याआड नेऊन तपासलं. मी वरच्या पालीकडे बघत पडून राहिले, तीही माझ्याकडे बघत होती. मग हात धुता धुता त्या म्हणाल्या, "हिला दिवस गेलेत."

सासूने डोळे मिटले. "तेच म्हणून राह्यली मी घरी," ती म्हणाली, आणि वाकून गाठोडं उचललं.

आमच्याकडे म्हणतात पोटाशी आहे. 'दिवस गेलेत' हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. दिवस गेले म्हणजे संपले, बाईपणाचे दिवस गेले, एवढंच मला कळलं. मी तिथेच, टेबलावरून पाय लोंबकळत असताना, रडायला लागले.

"रडतेस कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नको होतं का?"

"पायजे होतं," मी कशीबशी म्हणाले.

"मग?"

"पायजे असून काय करता, बाई," सासू दारातून म्हणाली. "गेले ते गेले. आता ते वापस येते काय?"

डॉक्टरीणबाई हात पुसायचं विसरून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग फार हळू, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाल्या, "अहो, पोटाशी आहे ही. बाळ आहे."

गाठोडं खाली आलं, पण सासू हटली नाही. "मंग पांढरं कायचं जाते?"

"थोडं पांढरं प्रत्येक बाईला जातं, तो रोग नव्हे. पोटाशी असताना जास्त जातं. हिला मात्र बुरशी धरली आहे. ओल्या लोणच्यावर धरते ना, तशी. गरोदरपणात ती सहज धरते, त्यात ही दिवसभर ओली. रक्ताचा काही संबंध नाही. भात खाऊ द्या, दूध द्या. तुरटी आजपासून बंद. घड्या उकळत्या पाण्यात धुवा, उन्हात वाळवा."

"उन्हात? लोकं पाह्यतीन."

"पाहू द्या. ऊन नसेल तर चुलीपाशी वाळवा, पण कोरडीच घ्यायची. मात्र कधी पिवळं-हिरवं गेलं, घाण वास आला, ओटीपोटात दुखून ताप भरला, रक्त दिसलं, तर घरी उपाय करत बसू नका, लगेच इथे आणा. रक्त बाळासाठी धोक्याचं, बाकीचं दुसऱ्या रोगाचं. त्यात कधी कधी नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं."

"त्याले काऊन? त्याले काय जाते?"

"त्याला जात नाही. पण तो देतो."

सासूने यावर तोंडाला पदर लावला. हसली की रागावली ते कळलं नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या बोळ्याने आत जांभळं औषध लावलं आणि बाटली बरोबर दिली. रोज लावायचं, आणि तोवर नवऱ्याने दूर राहायचं. आठवडाभराने खाज गेली. त्या दिवशी मात्र ती होती तशीच होती, फक्त जांभळी झाली होती.

परतीच्या गाडीत सासू खिडकीबाहेर बघत होती, मी गाठोड्याकडे. डॉक्टरीणबाईंचं तिला पटलं की नाही, काही कळेना. मूलच्या अलीकडे ती उभी राहिली, तेव्हा मी गाठोडं दोन्ही हातांनी धरलं. गाडी थांबली. बाहेर कोणी तरी ओरडत होतं, "मूल आलं, मूल!" सासू दाराशी गेली. फलाटावरून डब्यात शिरू पाहणाऱ्या बायांच्या घोळक्याला तिने दोन्ही हात आडवे लावले.

"तिकडे बसा व माय," ती सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इथी माई सून आहे. पोटाशी आहे ते."

गाडी हलली. डब्यातल्या सगळ्या नजरा माझ्यावर खिळल्या, आणि नेमकी तेव्हाच मला अशी खाज सुटली की वडसा येईपर्यंत मी हात मांडीखाली दाबून बसले.