दगडावरचं खोबरेल

उल्केच्या दगडाची चिमूटभर पूड करायची, तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा आणि पडद्यावरची रेघ कुठे खाली वाकते ते बघत बसायचं, हे माझं रोजचं काम. प्रत्येक खनिज आपल्या ठरलेल्या जागी प्रकाश पिऊन टाकतं. तिथे रेघेला खळगा पडतो.

परवा एका शेतात सापडलेल्या उल्केची रेघ बघत होतो. ऑलिव्हिन, पायरोक्सिन, नेहमीचीच खनिजं. पण एका बाजूला जोडीनं दोन लहान खळगे दिसले, तेही कार्बन-हायड्रोजनच्या, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या जागी. शेजारच्या टेबलावरच्या वैशालीताई खुर्चीतून उठल्याच. अवकाशातून आलेलं सेंद्रिय द्रव्य एकदा तरी हाती लागावं, या आशेवर त्यांची निम्मी नोकरी गेली आहे.

दगड ज्यांना सापडला त्या बाईंना मी फोन लावला. "मावशी, दगडाला काही लावलं होतं का?"

"खोबरेल लावलं की. देवाजवळच ठेवला होता. एवढ्या लांबनं आलेला, कोरडा कसा ठेवायचा?"

वैशालीताई पुन्हा खुर्चीत बसल्या. दगडाच्या आतला भाग काढून आम्ही पुन्हा मोजला. खळगे गेले होते.

लघुग्रहांवरून येणारा प्रकाशही दुर्बिणीतून असाच वाचतात. संध्याकाळी मी याच जातीच्या एका लघुग्रहाची रेघ काढून बघितली. खनिजं तीच होती. रेघ अगदी स्वच्छ होती. त्याला अजून कुणी घरी नेलेलं नाही.