पहिल्या वळणाची माती

वालेरियान द्रोझ्दाला राग यायला एप्रिलमध्येच सुरुवात झाली होती, आणि सप्टेंबर आला तरी तो काही उतरला नाही. तसा माणूस मुळातच तापट. लिपोव्हित्सेच्या स्पीडवे क्लबात, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या क्लबात, एकतीस वर्षं ट्रॅक सांभाळणारा माणूस गोड बोलणारा असूच शकत नाही, असं त्याची बायको ब्रोन्या म्हणायची. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणे. महापौर कोण म्हणून विचारलं तर चार जण अडखळतील, पण मिस्त्रीने ट्रॅकला पाणी किती मारलंय हे कळल्याशिवाय रविवारी कुणी तिकीट काढत नसे.

काम म्हटलं तर मातीचं. साडेतीनशे मीटरचं लांबट रिंगण, त्यावर ग्रॅनाइटची कच आणि चिकणमाती. चार जण सुटतात, चार फेऱ्या मारतात, कायम डावीकडेच वळतात, आणि गाडीला ब्रेक नावाची वस्तूच नसते. सगळा भरवसा मातीवर. ती कुठे ओली, कुठे सैल, कुठे दगडासारखी झालीय, हे मिस्त्रीच्या टाचेला कळायचं. टाच रोवायची, गर्रकन फिरवायची, वाकून चिमूटभर उचलायची आणि बोटांत चुरायची. क्लबाने गेल्या वर्षी ओलावा मोजायचं एक यंत्र आणलं होतं. ते त्याने अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगलं, आणि त्यावर आपली टोपी अडकवायला सुरुवात केली.

आपल्या पोरांना मानवेल तशी माती करायची, यात काही चोरी नाही. पोलंडभर सगळे क्लब तेच करतात, आणि पाहुणे आले की पहिल्या शर्यतीपर्यंत यजमानांच्या नावाने बोटं मोडतात. पण त्यासाठी आपली पोरं कोण ते ठरलेलं असावं लागतं. यंदा तेच ठरत नव्हतं. नवे अध्यक्ष ओल्गिएर्द व्रोना, खिडक्यांच्या कारखान्याचे मालक, यांनी एक डेन्मार्कचा, एक स्वीडनचा आणि एक ऑस्ट्रेलियाचा असे तीन तालेवार गडी आणले. हे तिघे रविवारी सकाळी विमानातून उतरायचे, चारला कातडी पोशाख चढवायचे आणि रात्री परत जायचे. सरावाला त्यांचं नखही दिसायचं नाही. गावातला असा एकच उरला होता, सव्वीस वर्षांचा निकोदेम. सराव संपला की मंगळवारी तो मिस्त्रीच्या घरी जेवायचा. ब्रोन्याच्या पिएरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, तो चोवीस खायचा आणि पंचविसावीला लाजायचा.

डेन्मार्कवाल्याला कडक ट्रॅक हवा. ऑस्ट्रेलियावाल्याला सैल. निकोदेमला बाहेरची कड भरलेली हवी. व्रोनासाहेबांचा फोन दर गुरुवारी, आणि त्यांच्याशी शेवटचं जो बोलला असेल त्याच्या मनासारखी माती. बुधवारी रोलर फिरवायचा, शुक्रवारी तेच कुळवाने उकलायचं. मिस्त्रीने दोनदा सांगून पाहिलं की माती म्हणजे काही पलंगावरची चादर नव्हे, तिला बसायला दहा-बारा दिवस लागतात. व्रोना म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही फार जुने झालात." त्या दिवशी मिस्त्री घरी येऊन ब्रोन्यावर ओरडला. बिचारीने नुसतं सूप वाढू का म्हणून विचारलं होतं.

व्हायचं तेच झालं. मेमध्ये घरच्या मैदानावर हरले, जूनमध्ये हरले, आणि जुलैत तर शेवटच्या शर्यतीला स्टँडवर लोक पाठ फिरवून उभे राहिले. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत पेन्सिलीने गुण लिहिणारी म्हातारी मंडळी पेन्सिली खिशात टाकून घरी गेली. तक्त्यात तळाला दोनच संघ उरले, लिपोव्हित्से आणि त्यांच्या मागे-पुढे घोटाळणारा दुसरा एक. मोसमाची शेवटची गाठ या दोघांचीच होती, लिपोव्हित्सेतच. जिंकणारा वरच्या लीगमध्ये राहणार, हरणारा खाली जाणार. व्रोनांनी त्या आठवड्यात फोन केला नाही. मिस्त्रीला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण त्याला वाटलं, माणसाला उशिरा का होईना अक्कल आली. त्याने शनिवारी दुपारपर्यंत एकसारखी, मऊ, प्रामाणिक अशी माती तयार केली आणि घरी जाऊन झोपला.

रविवारी सकाळी सातला तो आला. पहिल्या वळणावर आतल्या बाजूला टाच रोवून फिरवली आणि पायाखालचं सगळं हललं. वरून कोरडं, गुळगुळीत, बघणाऱ्याला शंका येणार नाही असं. त्याने लोखंडी सळई आणून टोचली. वीतभर सहज आत गेली आणि वर आली ती चिखल घेऊन. वळणाचा आतला पट्टा कुणीतरी उकलला होता, टँकरने पाणी सोडलं होतं आणि वर कोरडी कच पसरून रोलर फिरवला होता. राखणदाराला विचारलं तर तो कुंपणाकडे बघत म्हणाला, संध्याकाळी अध्यक्षांचे मेहुणे आले होते, किल्ली त्यांच्याकडेच होती.

मिस्त्रीला हे काय आहे ते नीट माहीत होतं, कारण एकदा त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, दुसरे अध्यक्ष, दुसरी गाठ, तेच वळण. पाहुणे आतून जातील, रुततील, आणि आपले बाहेरून निघून जातील, असा हिशेब. पाहुणा आतून गेला, रुतला, पडला. त्याच्या मागून येणारा रेमिग्युश मात्र आपला होता. गाडीला ब्रेक नसतो. पाहुणा उठून कपडे झटकत चालत गेला, रेमिग्युश त्या दिवसापासून चाललेला नाही. दर नाताळाला मिस्त्री त्याच्या घरी जिवंत कार्प मासा घेऊन जातो. रेमिग्युश बहिणीला दार उघडायला पाठवतो. मासा आत जातो, मिस्त्री बाहेरूनच परत येतो.

तो तडक अध्यक्षांच्या खोलीत गेला. व्रोना पाव आणि सॉसेज खात होते.

"पाच-सहा तास द्या मला," मिस्त्री म्हणाला. "सगळं खणून काढतो, कोरडी माती भरतो. सामन्याआधी होईल."

"अकराला लीगचा निरीक्षक ट्रॅक तपासायला येतोय. त्याच्यासमोर खणणार? आणि कशाला खणताय विचारलं तर काय सांगणार?"

"खरं ते सांगेन."

व्रोनांनी सॉसेजला मोहरी लावली. "आपल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, आतून जायचं नाही. पाहुणे जातील. मग झालं की. तुम्ही कशाला रक्त आटवताय?"

मिस्त्रीला त्या मोहरीचाच फार राग आला. माणूस इतका नीट, कडेपर्यंत मोहरी लावत होता.

निरीक्षक आला तेव्हा मिस्त्रीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. नवा कोवळा माणूस, चकचकीत बूट. त्याने वळणावर चार पावलं टाकली, यंत्र टोचून आकडा बघितला आणि म्हणाला की वरचा थर नियमात बसतो. मिस्त्रीने सळई पुढे केली. तो म्हणाला, असं सळईने मोजायचं नियमात कुठे आहे? शिवाय टीव्हीची गाडी येऊन उभी आहे, सगळा देश बघणार आहे. त्याने कागदावर सही केली. मिस्त्रीला वाटलं, त्याच सळईने याच्या बुटाची टोकं फोडावीत.

तीन वाजेपर्यंत स्टँड भरला. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पायांखाली चरचरू लागली, मफलर हलू लागले, गाड्यांच्या आवारातून मेथेनॉलचा वास येऊ लागला. निकोदेम आपली गाडी तपासत होता. मिस्त्री त्याच्याजवळ गेला. "पहिल्या वळणाचं काही कानावर आलंय का रे?" निकोदेमने मान वर केली नाही. साखळीला बोट लावत म्हणाला, "मिस्त्री, आज नको. आज फक्त जिंकू द्या."

म्हणजे त्यालाही माहीत होतं. मिस्त्री अवजारांच्या शेडकडे गेला, ट्रॅक्टरवर चढला, मागे कुळव जोडला आणि फाटकातून सरळ ट्रॅकवर आला. लोकांना वाटलं, शेवटचा हात मारायला आला असेल, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पहिल्या वळणावर कुळव पुरता खाली सोडला आणि पट्टा उभा फाडत गेला. मग परत वळून आडवा फाडला. काळी, चिकट, ओली ढेकळं वर आली आणि चार हजार लोकांसमोर उघडी पडली. टाळ्या थांबल्या. कुणीतरी ओरडलं, मग सगळेच ओरडले. व्रोना धावत आले आणि चाकासमोर उभे राहिले, तेव्हा तो थांबला, कारण काम झालं होतं. इंजिन बंद करून तो खाली उतरला आणि सळई त्या निरीक्षकाच्या पायांशी टाकली.

आता मात्र निरीक्षकाला सगळं दिसलं. पंच आले, फोन झाले. सामना रद्द, दोष यजमानांचा, पाहुण्यांना चाळीस-शून्य. लिपोव्हित्से खालच्या लीगमध्ये. एकही शर्यत न पळता.

फाटकाबाहेर त्याला बियांच्या पुड्या, अर्धे पाव आणि बिअरचे प्लास्टिकचे ग्लास फेकून मारले. फेकणाऱ्यांत एकोणीस वर्षांपूर्वी रेमिग्युशसाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावणारे लोकही होते. कानामागे कुणाचं तरी लाइटर लागून रक्त आलं. सोमवारी व्रोनांनी त्याला काढून टाकलं आणि गावातल्या वर्तमानपत्राला सांगितलं की म्हातारा दारू पिऊन ट्रॅक्टरवर बसला होता. चौदा वर्षं त्याने थेंबाला हात लावला नव्हता. मंगळवारी बेकरीतल्या बाईने त्याच्यासमोर पाव कपाटात ठेवला आणि संपला म्हणाली. तो पाव बघत उभा राहिला, आणि बाईही बघत उभी राहिली. शेवटी तोच निघाला. असल्या लोकांसाठी एकतीस वर्षं पहाटे उठलो, असं तो रस्ताभर पुटपुटत होता.

बुधवारी निकोदेम आला. ब्रोन्याने खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. जाकीटही काढलं नाही.

"माझ्याशी वरच्या लीगचे दोन संघ बोलत होते," तो म्हणाला. "रविवारी टीव्हीवर दहा गुण काढले असते तर सही झाली असती. आता कुणी फोन उचलत नाही. माझं वर्ष खाल्लंत तुम्ही."

"तुला माहीत होतं."

"शनिवारीच सांगितलं होतं आम्हाला. आतून जायचं नाही. एवढंच लक्षात ठेवायचं होतं."

"आणि जो गेला असता तो? तुझ्या पुढ्यात पडला असता तर?"

"ते माझं मी बघितलं असतं. गाडीवर मी बसतो, तुम्ही नाही. तुम्हाला तुमच्या रेमिग्युशचं पाप धुवायचं होतं, ते माझ्या जिवावर कशाला धुतलंत?"

ब्रोन्याच्या हातातलं झाकण शेगडीवर पडलं. मिस्त्रीचा चेहरा लालभडक झाला. बोललेलं खरं होतं, निदान अर्धं तरी, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला. निकोदेमने मग लहानपणापासून आवारात ऐकलेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या त्याला दिल्या. ब्रोन्या मध्ये पडायला निघाली, तर मिस्त्रीने तिला हाताने अडवलं.

"देऊ दे," तो म्हणाला. "दे रे, अजून दे. दोन पायांवर उभा राहून देतोयस, तेवढं मला पुष्कळ झालं."

निकोदेम दार आपटून निघून गेला. मिस्त्री टेबलाशी बसून राहिला, मुठी आवळून. मग एकदम उठला, खिडकी उघडली आणि आख्खी इमारत ऐकेल अशा आवाजात ओरडला.

"नवा मिस्त्री येईल त्याला सांग, ते वळण दोन विती खणून काढायला. वर नुसती कोरडी माती टाकू देऊ नकोस, हिवाळ्यात खाली गोठेल आणि मार्चमध्ये सगळं खचेल. सराव सुरू करायच्या आधी स्वतः सळई घालून बघ. ऐकलंस का, गाढवा?"

खाली निकोदेम गाडीच्या दाराला हात लावून उभा होता. त्याने वर बघितलं नाही. पण मिस्त्रीचं सगळं बोलणं संपेपर्यंत तो तसाच थांबला, आणि मग गाडीत बसला.