एकाच मापाच्या चार बॅगा

चार शिक्षक एका शाळेत नांदायला लागले की किस्से साठायला वेळ लागत नाही. शिकवण्याचे कमी, बाकीच्या कामांचेच जास्त. खिचडीचे आहेत, निवडणुकीचे आहेत, संडास मोजायला गेलो होतो त्याचेही आहेत. ते मी हसत हसत सांगते. बॅगेचे किस्से सुरू केले की मात्र माझा आवाज चढतो. आमचे हे रेल्वेत आहेत, दिवसभर गाड्यांचा खडखडाट ऐकून येतात, तरी म्हणतात, "चित्रा, हळू. शेजारी ऐकतायत."

ऐकू देत की.

२०१८ च्या हिवाळ्यात आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते थांबेचनात. डहाणू, तलासरी, सगळीकडे तेच. भांडी वाजायची, भिंतींना चिरा जायच्या, पाड्यांवरची माणसं घर सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहायला लागली. माझी शाळा तेव्हा उधव्याच्या बाजूला, एका पाड्यावर. आम्ही चौघं. मुख्याध्यापक भोये सर, रिटायरमेंटला टेकलेल्या वनिता मॅडम, नवीन लागलेले जयेश सर आणि मी. शाळा कौलारू, म्हणून भोये सरांनी वर्ग बाहेर मांडवात आणले. हे त्यांनी कोणाला न विचारता केलं, आणि त्या हिवाळ्यातला एकमेव शहाणा निर्णय तोच होता.

मग वरून आम्हाला आपत्कालीन बॅगा मिळाल्या, प्रत्येकाला एक.

*

बॅगांचं ट्रेनिंग डहाणूला एका हॉलमध्ये झालं. शिकवायला आलेला माणूस सहा फुटी, डोंगर चढणारा. बिचारा भला होता. बॅग पाठीवर कशी बसली पाहिजे ते त्याने मनापासून सांगितलं. वजन खांद्यावर नको, कमरेच्या हाडावर हवं. त्यासाठी कमरेचा पट्टा आवळायचा, मग खांद्याचे, मग छातीवरचा. बॅग पाठीला चिकटली पाहिजे, मागे लोंबकळता कामा नये.

"आता मॅडम, तुम्ही या," असं म्हणून त्याने वनिता मॅडमना पुढे बोलावलं.

वनिता मॅडम त्याच्या कोपराएवढ्या. नऊवार नाही, साधी गोल साडी, पदराला पिन. कमरेचा पट्टा आवळला तर निऱ्या वर आल्या. सैल केला तर बॅग खाली घसरली आणि गुडघ्यांच्या मागे आपटायला लागली. छातीवरच्या पट्ट्याची पाळी आली तेव्हा तो माणूस लालबुंद झाला आणि छताकडे बघत म्हणाला, "हा... तुम्ही तुमचा तुमचा बघा."

हॉलमध्ये निम्म्याहून जास्त बायका होत्या. बॅगा खरेदी करणाऱ्याने त्यातल्या एकीला तरी आधी डोळ्यांपुढे आणलं होतं का?

मी उभी राहून विचारलं, "सर, यात लहान माप नाही का?"

त्याच्या आधी पहिल्या रांगेतले साहेब वळले. "मॅडम, आपत्ती माप बघून येते का?"

लोक हसले. मीही बसले. उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, तेव्हा ऐकायला फक्त हे होते.

*

बॅगेत काय काय होतं? दोरखंड, हेल्मेट, भोंगा, ब्लँकेट, पाण्याच्या बाटल्या, औषधांची पेटी, एक कुऱ्हाड आणि एक छोटी पहार. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण बॅगेला तोंड असलं की प्रत्येकाला त्यात काहीतरी टाकावंसं वाटतं.

केंद्रप्रमुख आले, म्हणाले, "शाळेचे शिक्के आत ठेवा." दुसऱ्या भेटीत म्हणाले, "जनरल रजिस्टर नको का? इमारत पडली तर दाखले कशावरून देणार?" रजिस्टर म्हणजे पाटासारखं, जुनं कापडी बांधणीचं. तेही गेलं. मग भोये सरांनाच वाटलं की खिचडीचं एक छोटं पातेलं असलेलं बरं.

आमच्या ह्यांचे एक मित्र चिकूचा व्यापार करतात. एके दिवशी बॅग घरी आणली होती, ती मी त्यांच्या वखारीत काट्यावर ठेवायला लावली. ते मित्र काट्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, हा तर भरलेला क्रेट झाला. आमचे हमालसुद्धा क्रेट उचलून पळत नाहीत. चालतात."

आम्हाला पळायचं होतं. शिवाय मुलं घेऊन.

*

बॅग ने-आण करायचाही एक हुकूम होता. शिक्षक कुठेही असो, बॅग सोबत हवी. म्हणजे रोज डहाणूहून एसटी, मग तलासरीहून शेअरची इको व्हॅन, आणि पाठीवर क्रेट.

इकोवाला गुजराती. पहिल्या दिवशी त्याने बॅगेकडे बघितलं आणि म्हणाला, "बेन, आने उपर मूको." टपावर ठेवा म्हणे. मी म्हटलं, "भाऊ, ही आपत्तीची बॅग आहे, अंगावरच ठेवायचा नियम आहे." तो बरं म्हणाला. एक वळण गेलं, दुसरं गेलं, खड्ड्यात गाडी आदळली आणि बॅग शेजारी बसलेल्या मासळीवाल्या बाईंच्या मांडीवर पडली. बाई किनाऱ्यावरच्या वरोर गावच्या. टोपली पायाशी धरून बसल्या होत्या.

त्यांनी बॅग माझ्याकडे ढकलली आणि विचारलं, "काय हाय गो यात?"

"भूकंप झाला तर वापरायचं सामान."

बाई मांडी चोळत म्हणाल्या, "मंग माझ्यावर कशाला टाकतंस? अजून झाला नाय."

*

जयेश सर जिममध्ये जाणारे. त्यांना बॅगेचा अभिमान होता. आम्ही कुरकुर केली की म्हणायचे, "मॅडम, सवयीचा प्रश्न आहे. रोज थोडं चाललं की बॉडी तयार होते."

रोज थोडं, हे बरोबरच होतं. पण त्यांनी पहिल्याच दिवशी बॅग चढवून मैदानाला पळत फेऱ्या मारल्या. मुलं टाळ्या वाजवत होती. पट्टे नीट न आवळल्यामुळे बॅग मागे हिंदकळत होती, ते मला लांबूनही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी जयेश सर आले ते वाकडे. मलमाचा वास मांडवभर. शर्टाच्या आत डॉक्टरांनी दिलेला कमरेचा रुंद पट्टा. डॉक्टरांनी काहीही उचलायला मनाई केली होती, खडूच्या खोक्याखेरीज.

भोये सरांनी वर फोन करून विचारलं की यांची बॅग परत पाठवू का. उत्तर आलं, बॅग व्यक्तीच्या नावावर आहे, ती त्या व्यक्तीच्या पाठीवरच दिसली पाहिजे. पाहणी कधीही होऊ शकते.

मग काही दिवस आमच्या शाळेत हे दृश्य होतं. जयेश सर खुर्चीत बसून पाढे घेतायत, पाठीला बॅग लावलेली, आणि बॅगेखाली वजन पेलायला दुसरी खुर्ची. मुलांना वाटायचं सरांना शिक्षा झालीय. मुलांचं काय चुकलं?

*

आता जे सांगते ते हसण्यासारखं नाही.

भेटीला आलेल्या एका साहेबांनी शोध लावला की मांडव उघडा आहे, बॅगा चोरीला गेल्या तर जबाबदार कोण? त्यामुळे ठरलं की शाळेच्या वेळात बॅगा ऑफिसच्या खोलीत कुलपात ठेवायच्या आणि धक्का बसला की ज्याने त्याने आपली घेऊन बाहेर यायचं. पाठीवरच हवी म्हणणारेही तेच होते. पुन्हा ऐका. मुलं बाहेर, आम्ही बाहेर, कौलं आत, आणि जमीन हलायला लागली की आम्ही आत जायचं.

भोये सरांनी हे बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, "तुम्ही फार विचार करता."

दुपारची सुट्टी संपून मुलं नुकतीच बसली होती. आधी तो जमिनीतला आवाज आला, लांबून ट्रक आल्यासारखा. मग मांडवाचे बांबू करकरले. मुलं आता सराईत झाली होती, पाट्या टाकून मैदानाच्या मधोमध जाऊन बसली. मी डोकी मोजत होते. मोजताना लक्षात आलं, वनिता मॅडम नाहीत.

त्या आत गेल्या होत्या. नियम पाळणारी बाई. आयुष्यभर पाळत आलेल्या.

मी दारापर्यंत धावले तर त्या बॅगेचा एक पट्टा खांद्यावर घेऊन उंबऱ्यात अडकलेल्या. लोंबणारा कमरेचा पट्टा कडीत गुंतलेला. बॅग त्यांना मागे ओढत होती. "सोडा ती," मी ओरडले. त्यांचा हात निघेना. वरून कौलं घसरायला लागली, दोन माझ्यासमोर फुटली. मी त्यांचा दंड धरून ओढला तेव्हा पट्ट्याचा टाका उसवला आणि आम्ही दोघी पायरीवर पडलो. मागे त्या उभ्या होत्या त्या जागी कौलांचा ढीग.

त्यांचं मनगट मोडलं होतं. त्या रडल्या नाहीत. मैदानाकडे बघत मला विचारलं, "मुलं सगळी आहेत ना?"

पाड्यावरच्या एका आईने त्यांना पाणी पाजलं, पदराने कपाळावरची धूळ पुसली. ती वारली बाई तिच्या बोलीत पुटपुटली, ते मला कळलं तेवढं असं होतं, की आम्ही घरातून पोरं घेऊन पळतो, आणि तुम्ही शहाणी माणसं पोतं आणायला घरात पळता.

संध्याकाळी भोये सरांना वरून फोन आला. स्पीकर चालू होता, आम्ही तिथेच होतो. पहिला प्रश्न, "भोये, बॅगा शाबूत आहेत ना?"

भोये सर शांत माणूस. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही. म्हणाले, "तीन शाबूत आहेत, एकीचा पट्टा तुटलाय. आणि आमच्या बाई जिवंत आहेत. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगतो."

फोन ठेवून त्यांनी ऑफिसचं कुलूप काढून विहिरीत टाकलं.

*

प्लास्टर निघाल्यावर वनिता मॅडम हजर झाल्या त्या लेकीची कॉलेजची सॅक घेऊन. मळकी, निळी, दोन पट्ट्यांची. त्यात टॉर्च, शिट्टी, पट्ट्या-मलम, एक पाण्याची बाटली, जलसंजीवनीची पाकिटं, बिस्किटं आणि स्वतःच्या बीपीच्या गोळ्या. साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला होता, नोकरीत पहिल्यांदाच. पट्टे ओढून सॅक खांद्यांच्या मधोमध बसवली आणि मला म्हणाल्या, "चल, बोअरिंगपर्यंत."

पाड्याची पाण्याची बोअरिंग लांब, चढावर. त्या पूर्ण वाटेत लेकीच्या लग्नाचं बोलत होत्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "बघ, धाप लागली नाही. धाप लागली असती तर बाटली काढून टाकली असती. मला उचलून पळायला कोणी नाहीये, चित्रा. मला माझ्याच पायांनी पळायचंय, आणि एखादं लहान मूल कडेवर असेल."

त्या दिवसापासून चौघांनी तेच केलं. मी मला झेपेल तेवढी भरली. जयेश सरांनी तर कमरेलाच एक बटवा बांधला आणि म्हणाले, "सध्या माझी लायकी एवढीच." कुऱ्हाड आणि पहार मांडवाच्या खांबाला टांगून ठेवली, शाळेची म्हणून. मोठ्या बॅगा पाहणीपुरत्या रांगेत मांडायच्या.

केंद्रप्रमुखांनी निळी सॅक बघून विचारलं, "हे कुठल्या आदेशाने?"

वनिता मॅडमनी मनगट पुढे केलं. "या आदेशाने."

*

२०१९ मध्ये त्या रिटायर झाल्या. नारळ, शाल, भाषणं झाली. मग निरोप आला की मोठी बॅग जमा केल्याशिवाय ना-हरकत मिळणार नाही, आणि आत सगळं सामान मूळ यादीप्रमाणे हवं. पातेलं, शिक्के आणि रजिस्टर काढून आम्ही बाकी सगळं भरलं, पट्टा शिवून घेतला आणि मी त्यांच्यासोबत रिक्षाने गेले.

ऑफिस वरच्या मजल्यावर. मॅडमनी रिक्षावाल्याकडून बॅग जिन्यापाशी उतरवून घेतली आणि वर गेल्या. नुसती पर्स घेऊन.

टेबलापलीकडचे क्लार्क म्हणाले, "बॅग कुठेय?"

"खाली. माझं मनगट मोडलेलं आहे, मी उचलणार नाही."

"मॅडम, जमा म्हणजे इथे टेबलावर."

"मग मागवून घ्या."

त्यांनी बेल वाजवली. एक शिपाई खाली गेला. थोड्या वेळाने हात हलवत परत आला आणि दुसऱ्याला घेऊन गेला. मग जिन्यावर बराच वेळ आवाज येत राहिले. "धर की." "वळव, वळव." "थांब, टेकव जरा." शेवटी दोघांनी ती बॅग दोन बाजूंनी धरून आत आणली, टेबलावर टाकली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. एकाने टोपी काढून वारा घेतला.

क्लार्कनी छापील पोच पुढे ओढली आणि सवयीने मोठ्याने वाचत भरायला लागले.

"आपत्कालीन बॅग, एका व्यक्तीस सहज वाहून नेता येईल अशी, नग एक." पुढची ओळ होती, बॅग वाहून आणणाऱ्याचे नाव.

त्यांनी पेन थांबवलं, मान वर करून भिंतीला टेकलेल्या दोघांकडे बघितलं आणि विचारलं,

"जागा एकाचीच आहे. तुमच्यातल्या कोणाचं लिहू?"