मालतीकाकूंचे ढग

१७ जानेवारी २०२१. फार दिवसांनी लिहितोय, माफ करा.

मालतीकाकू परवा गेल्या. कोविड.

काका डॉक्टर होते, त्यामुळे काकूंचा सगळा संसार इंग्लंडात, यॉर्कशरच्या एका खेड्यात झाला. काका गेल्यावर त्या मुलाजवळ, समीरजवळ, इथे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला आल्या. सामान थोडं, वॉटरकलर्स भरपूर. दगडी कुंपणं, मेंढ्या, ओली शेतं.

पहिल्या लॉकडाउनमध्ये म्हणाल्या, "मिलिंद, तू प्रिंटरच्या कंपनीत आहेस ना? मग ह्या चित्रांचे प्रिंट काढून दे. तिकडच्या मैत्रिणींना पाठवीन."

पद्धत त्यांचीच. मी चित्र स्कॅन करून परत द्यायचं. नमुना काढून, सायकलवर नेऊन त्यांच्या पत्रपेटीत टाकायचा.
त्या खिडकीशी उजेडात दोन्ही शेजारी धरणार. पसंत पडलं तर नमुन्यामागे पेन्सिलने लिहिणार, 'चालेल'.
त्याशिवाय दुसरी प्रत नाही.

पहिल्या नमुन्यात मी न विचारता हिरवा जरा उजळ केला. मी दाराबाहेर सायकलजवळच होतो, तोच खिडकीच्या काचेपलीकडून त्यांचा फोन आला.
"अरे, हे यॉर्कशर आहे की किराणा दुकानाचं कॅलेंडर?"
"काकू, मूळ चित्र मळकट वाटत होतं."
"मळकटच असतं तिथे. तू माझं ऊन वाढवू नकोस!"

पुढे एकेक चित्र पास झालं. एक सोडून.
त्याच्या नमुन्यावर, हॉस्पिटलला जायच्या आदल्या दिवशी, त्यांनी लिहिलं : 'ढग जड झालेत. हलके कर.'

काल समीरचा फोन. अंत्यविधीला मोजकीच माणसं चालणार आहेत, म्हणून बाकीच्यांना तो आईचं चित्र पाठवणार. नेमकं हेच.
"आहे तसंच प्रिंट कर ना, मिलिंददादा. हू विल नो?"
मी "बघतो" म्हटलं.

तसंच छापलं तर काकूंचं म्हणणं मोडतं.
हलके करायचे, तर किती? माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही.
आणि छापलंच नाही, तर समीरच्या हातात काय?

आज त्याला फोन केला. "ढग हलके करतो, पण नमुना तू बघायचा. 'चालेल' तू लिहायचंस."
"मला त्यातलं काय कळतं?"
"त्या ढगांखाली लहानाचा मोठा तू झालास. मी नाही."

तो म्हणाला, "आईचा चष्मा लावून बघू का?"
दोघंही हसलो. 

काकू, मनापासून नमस्कार.

उद्या : ढग ताडून बघायला समीरच्या दारातून मूळ चित्र आणणे.