गोडं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. महाडला परतून सहा वर्षं झाली. नळजोडणीची कामं करतो. लोक विचारतात, तिकडे काय करायचास? मी म्हणतो—पंपावर होतो.

तेवढंच असतं तर!

अरबांच्या मुलुखात, वाळवंटात, आमची कंपनी दगडातून तेल काढायची. शेल म्हणतात त्या दगडाला. डोंगरच्या डोंगर फोडायचे, भट्टीत तापवायचे, उरलेली राख माळभर पसरायची. ती उडू नये म्हणून भिजवायला, यंत्रं थंड ठेवायला पाणी लागायचं—अखंड. खोल बोअरमधून ते मी उपसायचो. आसपासच्या मेंढपाळांच्या विहिरी आटत चालल्या. मला कळत नव्हतं का? कळत होतं.

एका दुपारी एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. माझ्या व्हॉल्व्हखाली गळती होती, तिथे तिनं डबा भरला. माझ्याकडे बघून म्हणाली, "माय." त्यांच्या भाषेत पाणी. माझ्या कानाला मात्र—काय सांगू?

बाहेर थेंब द्यायचा नाही, असा साहेबाचा हुकूम. सरळ नाही म्हणता आलं असतं. पण माझे पणजोबा चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी प्यायलेले—त्यांच्या पणतूनं 'पाणी देणार नाही' हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? मग मी काय केलं? डब्याकडे बोट दाखवलं. स्वतःचा गळा आवळला, जीभ बाहेर काढली. विष.

खोटं. तेच पाणी मी रोज पीत होतो.

तिनं डबा वाळूत ओतला. एक शेळी ओलीला तोंड लावायला गेली, तिला काठीनं हाकललं. मग जवळ येऊन तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला—बराच वेळ. शेळ्या वाचवल्या म्हणून. अजून तो हात टाळूवर जाणवतो. दाढी करताना, भर बाजारात, कधीही.

तिनंच इतरांना सांगितलं असणार. पंपाकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही.

काही आठवड्यांनी पाण्याच्या टँकरमधून तिच्या विहिरीवरून गेलो. शेळ्या मरून पडल्या होत्या. बाकीचे तंबू उठले होते, एक उभा होता. ड्रायव्हर आपल्या पोलादपूरचा. त्यानं वेग कमी केला.

"थांबवू काय रे? कोण हाय का बघू."

तंबूचा पडदा हलला. वारा नव्हता.

"कोण नाय," मी म्हणालो. "चल."

टँकर काठोकाठ भरलेला होता.